नाकशेठांची निळी गाडी

नाकशेठ हे त्यांचं खरं नाव नव्हतं, आणि शेठ तर ते कुठल्याच अंगाने नव्हते. कोपरापर्यंत काळे हात, खिशाला अडकवलेला टेस्टर आणि ग्रीस पुसून पुसून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली पँट. असला शेठ कुणी पाहिलाय? नाव पडलं ते नाकामुळे. तेही दिसायला खास नव्हतं, जरा बसकंच होतं. पण गाडी गॅरेजच्या दारात थांबली, की बॉनेट उघडण्याआधी ते वाकून एक खोल श्वास घ्यायचे आणि सांगायचे, “क्लच जाळलात. चढावर पाय क्लचवर ठेवूनच चालवता ना?” गाडीवाला ओशाळायचा. गोडसर वास आला तर रेडिएटर गळतोय, कुजक्या अंड्यांचा आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय, आणि मेलेल्या उंदराचा आला तर उंदीर मेलाय. या शेवटच्या निदानाला नाकशेठ कशाला हवेत, असं शेजारच्या गाळ्यात गाड्या रंगवणारा रंगारी म्हणायचा. रंगारी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे त्याला असलं बोलायची मुभा होती.

आता गुणाबरोबर थोडा तोरा येतोच. नाकशेठांचा तोरा त्यांच्या फळीवर मांडलेला होता. भिंतीच्या लांबच लांब फळीवर इंजिन ऑइलचे चपटे रिकामे डबे ओळीने उभे. कशात रॉकेल, कशात स्पिरिट, कशात ब्रेकचं तेल, कशात गिअरचं. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, आणि एकावरही नाव नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “चिठ्ठ्या नवशिक्यांना लागतात. आपण झाकण उघडायचं आणि नाकाला विचारायचं.” नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

आणि मग एका थंडीत त्यांना ताप आला. साधाच ताप, अंग मोडून काढणारा. तो उतरला, अंगात ताकद आली, ते गॅरेजात गेले, पहिल्याच गाडीवर वाकले आणि त्यांनी श्वास घेतला. आत नुसती हवा गेली. पुन्हा घेतला. पुन्हा हवाच. गाडीवाला समोर उभा होता, निकालाची वाट बघत. नाकशेठांनी कपाळाला आठ्या घातल्या, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “तुम्हाला कसला वास येतोय, आधी तुम्ही सांगा.”

“जळल्यासारखा येतो बुवा. रबर जळल्यासारखा.”

“बरोबर. पट्टा घासतोय.”

त्या दिवशी निभावलं. सर्दी असेल, जाईल, असं ते स्वतःला समजावत राहिले. सर्दी गेली, नाक काही परत आलं नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दवाखान्यात त्यांनी एकदा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाही येणार. नाकशेठांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. लोक त्यांच्याकडे पान्यासाठी येत नव्हते, पाने सगळ्यांकडे असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते कानाने काम भागवू लागले, बोटाने भागवू लागले. आणि फळीवरचे डबे त्यांनी जागेवरून पाठ केले. खिडकीकडचा पहिला स्पिरिटचा, त्याच्यानंतर ब्रेकचं तेल, असं करत शेवटी दाराजवळ रंगारी ठेवायचा तो थिनर. चिठ्ठ्या लावणं सोपं होतं. पण आजवर ज्याने चिठ्ठ्यांची टिंगल केली, त्याने एकाएकी चिठ्ठ्या लावल्या तर लोक विचारणारच.

अशात मुलीने गाडी मागितली.

मुलीला सगळे ठिणगी म्हणायचे, कारण ती लहानपणी वेल्डिंगच्या ठिणग्या पकडायला धावायची आणि मोठेपणी बोलण्यातून स्वतःच त्या पाडायची. तिने यंत्रांचा नाद सोडून झाडांचा धरला होता. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एक जमिनीचा तुकडा तिने भाड्याने घेतला होता. तिथे रोपं वाढवायची, गावोगाव पोचवायची. त्यासाठी हौदा असलेली गाडी हवी होती.

“मागची निळी द्या मला,” ती म्हणाली.

गॅरेजच्या मागे एक जुनी पिकअप उभी होती. नाकशेठांच्या तरुणपणाची. बायकोला त्यांनी याच गाडीतून घरी आणलं, ठिणगीला दवाखान्यातून याच गाडीतून आणलं. एकदा इंजिन अडकलं, तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणून मागे लावली, आणि मेकॅनिकच्या स्वतःच्या गाडीचा उद्या कधी उजाडत नसतो. आता हौद्यात गवत उगवलं होतं, एका दिव्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं आणि बॉनेटमधून एक वेल वर येऊन छान फुललीही होती.

“तिची फक्त वेल जिवंत आहे,” नाकशेठ म्हणाले.

“मग तुम्ही कशाला आहात?”

नाही म्हणायला कारण नव्हतं. होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. गिऱ्हाइकाची गाडी वेगळी. ही गाडी घेऊन पोरगी डोंगर उतरणार होती.

कामाला सुरुवात झाली. दोघांनी मिळून वेल सोडवली, ती ठिणगीने एका डब्यात लावली. खालच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, नाकशेठांनी हातोडीने टकटक करत पुढून मागे फेरी मारली. आवाज ठणठणीत. हाडं शाबूत होती. कातडी मात्र गेली होती. केबिनच्या तळाला गंजाची एवढी भोकं, की खाली बसलेलं मांजर दिसत होतं. इंजिनचे प्लग काढून त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी लांब दांड्याचा पाना लावून हळूच जोर द्यायचा, आणि हललं नाही की सोडून द्यायचं. ठिणगीला धीर नव्हता. “जोरात मारा की!” नाकशेठ म्हणायचे, “रुसलेल्याला ओढायचं नसतं, तुटतं.” आणि एका सकाळी आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि पाना बोटभर सरकला. ठिणगीने अशी आरोळी ठोकली की शेजारून रंगारी धावत आला. कुणाचा तरी हात अडकला असं त्याला वाटलं.

ते दिवस खरं तर सुखाचे व्हायला हवे होते. बाप-लेक शेजारी शेजारी जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली, मध्ये एकच दिवा. पण नाकशेठांचं अर्धं लक्ष कामावर आणि अर्धं ठिणगीच्या चेहऱ्यावर असायचं. कारण नाक तिलाही होतं. बापाचंच.

केबिनच्या तळाला पत्रा जोडायचा होता तेव्हाची गोष्ट. पेट्रोलची टाकी त्यांनी आधीच काढून अंगणात ठेवली होती. डोळ्यावर चष्मा चढवला, वेल्डिंगची दांडी हातात घेतली, आणि ठिणगी किंचाळली, “बाबा, थांबा! पेट्रोलचा वास येतोय!”

दांडी पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्यांनी दिवा खाली नेला. टाकीचा जुना पाइप चासीच्या आत राहून गेला होता आणि त्याच्या तोंडाशी थेंब जमत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली. पण पोरगी टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत प्रश्न उमटत होता, आणि तो पुरता उमटायच्या आत ते म्हणाले,

“माहितीये. तुझं लक्ष आहे का, ते बघत होतो.”

“असली कसली परीक्षा? मेलो असतो दोघं!”

“पास झालीस ना? मग झालं.”

ती फुरंगटली, पण तिला ते पटलं. बापाचं नाक चुकतं ही गोष्ट तिच्या डोक्यातच येणार नव्हती. नाकशेठ मात्र त्या रात्री नीट जेवले नाहीत. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, म्हणतात. एक खोटं खपलं, की दुसरं आपल्या पायाने चालत येतं.

घरात बायको काही बोलत नव्हती. फक्त हल्ली झोपायच्या आधी ती स्वयंपाकघरात जाऊन गॅसची कळ पुन्हा तपासायची. पूर्वी ते काम नाकशेठांचं होतं. वय झालं की माणसं संशयी होतात, असं म्हणून त्यांनी कूस बदलली होती.

रंगाची वेळ आली. ठिणगीला तोच जुना निळा हवा होता, नव्या गाड्यांचा चकचकीत नव्हे, जरासा हिरवट, विरलेला. रंगाऱ्याने पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरली, पाण्याच्या पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. एका मडगार्डला त्याने एवढा जीव लावला, की बायकोला लावला असता तर संसार सुधारला असता, असं तो स्वतःच म्हणाला. रंग ओला असताना धूळ उडू नये म्हणून आदल्या दिवशी ठिणगीने सगळं गॅरेज झाडून काढलं. फळीवरचे डबे उतरवले, फळी ओल्या फडक्याने पुसली आणि डबे परत ओळीने लावले. ओळीने, पण उलट्या टोकाने. तिने झाकणं उघडून बघायचं काही कारण नव्हतं. या गॅरेजात डब्याची जागा कुणी बघतच नसे, नाकाला विचारत असत.

शेवटी राहिले ब्रेक. एवढ्या जुन्या गाडीची ब्रेकची रबरं आता कुठेच मिळत नव्हती. फार शोधाशोध केल्यावर सुट्या भागांच्या एका दुकानदाराने माळ्यावरून एकच पाकीट काढून दिलं, वरून खाली धूळ, आत वाळलेलं ग्रीस. रबरं चांगली होती, मऊ होती, फक्त धुवायला हवी होती. ब्रेकचं रबर रॉकेलने धुवायचं नसतं, पेट्रोलने नाही, थिनरने तर नाहीच, फुगतं. स्पिरिटने धुवायचं. हे नाकशेठांना झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी खिडकीकडचा पहिला डबा घेतला, वाटीत ओतला. पाण्यासारखं स्वच्छ, बोटाला गार, क्षणात उडून जाणारं. स्पिरिट असंच असतं. थिनरही असाच असतो. सवयीने त्यांनी वाटी नाकाशी नेली, मग सवयीनेच खाली ठेवली. रबरं त्यात भिजत टाकली आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

बसवताना ती जरा घट्ट गेली. बोटांना ते कळलं. बोटं थबकलीसुद्धा. नवं रबर आहे, घट्टच बसणार, असं नाकशेठांनी बोटांना समजावलं.

संध्याकाळी सपाट रस्त्यावर चक्कर झाली. ठिणगी चालवत होती, नाकशेठ शेजारी. इंजिन असं गुणगुणत होतं, की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. परतताना ठिणगीने काच खाली केली आणि नाक वर करून हुंगलं.

“बाबा, ब्रेकचं लायनिंग जळल्याचा वास येतोय का हो?”

आता हे त्यांना कसं कळावं? येतोय म्हणावं, तर किती येतोय, कुठल्या चाकाचा, हे सांगावं लागेल. त्यांनी काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, “नवं लायनिंग आहे. बसेपर्यंत थोडा वास येतोच.”

हे खोटं नव्हतं. नव्या लायनिंगला वास येतो. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं.

“असं होय,” ती म्हणाली आणि तिने काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदा रोपांनी भरला. आईने पोरीबरोबर चार दिवस राहून घर लावून द्यायचं ठरलं होतं, ती पिशवी घेऊन पुढे बसली. नाकशेठांनी चारही चाकांना हात लावला, हौद्याच्या मागच्या फाळक्याची कडी बघितली आणि खिडकीत वाकून तंबी दिली, “गाडी चालू असताना फोनला हात लावायचा नाही. कुणाचाही असो, माझा असला तरी.”

“लहानपणापासून ऐकतेय, बाबा.”

निळी गाडी कोपऱ्यावर वळली. नाकशेठांनी एक लांब श्वास सोडला. तापानंतर पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं. झाली एकदाची, आता यापुढे गिऱ्हाइकं काय, सांभाळून घेता येतात.

ते गॅरेज आवरत होते तेवढ्यात रंगारी आला. त्याला दुसऱ्या कामावर थिनर हवा होता.

“दाराजवळचा घे,” नाकशेठ मान वर न करता म्हणाले.

रंगाऱ्याने दाराजवळचा डबा उचलला, झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. “हे स्पिरिट आहे की रे.” मग तो ओळीने हुंगत हुंगत खिडकीपर्यंत गेला. “हा बघ इथे थिनर. आणि एवढा कमी कसा झाला? कुणी हलवाहलव केली?”

“झाडताना ठिणगीने...” म्हणता म्हणता नाकशेठांच्या हातातलं फडकं गळून पडलं. “खिडकीकडचा? नक्की थिनर?”

“नक्की म्हणजे? तू मला विचारतोस? घे, बघ.” आणि त्याने डबा त्यांच्या नाकाखाली धरला.

नाकशेठांनी श्वास घेतला. छाती भरून घेतला. डोळ्यांत पाणी आलं, घसा चुरचुरला, वास मात्र नाही. थिनर होता की विहिरीचं पाणी, काही कळलं नाही. आणि काल त्या वाटीत भिजलेली, मग घट्ट घट्ट बसलेली रबरं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. फुगलेलं रबर तेलाला परत फिरू देत नाही. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. चाकं घासत राहतात, तापतात, तेल उकळतं, आणि मग उतारावर पाय दाबला की पेडल सरळ तळाला जाऊन टेकतं. खाली काहीच नसल्यासारखं.

“स्कूटर काढ,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“माझं नाक गेलंय. तापात गेलं. रबरं मी थिनरमध्ये धुतली. स्कूटर काढ!”

इतके महिने जिवापाड जपलेलं गुपित असं एका श्वासात बाहेर पडलं, आणि त्याची लाज वाटायलासुद्धा वेळ नव्हता. रंगारी किल्ली शोधायला लागला, आणि ती त्याच्या हातातच होती.

नाकशेठांनी मागे बसून बायकोला फोन लावला. स्कूटर घरावरून जात होती, आणि बायकोचा फोन घराच्या खिडकीत वाजत होता. चार्जिंगला लावून विसरली होती. मग ठिणगीला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. पोरगी आज्ञाधारक होती. उभ्या आयुष्यात बापाचं ऐकलं नाही, आणि ऐकायला नेमका हाच दिवस निवडला.

“तिला वास येईल ना?” रंगारी वाऱ्यात ओरडून म्हणाला. “तुझीच पोरगी आहे. चाकं जळायला लागली की वास येईल, थांबेल ती!”

वास येणार हे नाकशेठांना माहीत होतं. तो काल संध्याकाळीच आला होता. तिने सांगितलाही होता. आणि आता आला की ती काच वर करणार होती, कारण बाबा म्हणाले होते, बसेपर्यंत येतोच. थिनरने रबर बिघडलं, ते एक वेळ माफ होतं. पण पोरीचं धडधाकट नाक त्यांनी स्वतःच्या तोंडाने बिघडवून ठेवलं होतं. आपल्या मेलेल्या नाकाची अब्रू राखायला. त्यांना मागच्या मागे रस्त्यावर उडी टाकावीशी वाटली.

लाकडाची वखार गेली, शाळा गेली. पेट्रोल पंपावरच्या माणसाला रंगाऱ्याने न थांबताच विचारलं. तो म्हणाला, “निळी ना? गेली की. ओढत नव्हती नीट, गळाठल्यासारखी चालली होती.” नाकशेठांच्या तोंडचं पाणी पळालं. ओढत नव्हती म्हणजे ब्रेक धरलेत. म्हणजे सगळं अगदी तसंच चाललंय.

चढ सुरू झाला. दोघांच्या वजनाने स्कूटर रडकुंडीला आली. नाकशेठ प्रत्येक वळणावर पुढे मान काढून बघत होते. डोंगरमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, गाड्या थांबवायची एक मोकळी जागा होती. तिथे पाण्याचा नळ होता. शहाणे ड्रायव्हर तिथे थांबून इंजिन गार करत. ते मनात एकच धरून बसले होते, थांबली असेल, पाणी प्यायला थांबली असेल, आईला लघवीला लागली असेल, कशाला तरी थांबली असेल.

माथा आला. नळाखाली एक कुत्रं पाणी पीत होतं. बाकी जागा रिकामी होती.

रंगाऱ्याने स्कूटर उताराला घातली. नाकशेठांनी त्याच्या खांद्याचं कापड मुठीत गच्च धरलं होतं. उजवीकडे डोंगराची मातीची भिंत, डावीकडे काही नाही.

पहिल्याच वळणानंतर निळा रंग दिसला.

गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला, डोंगराच्या मातीत नाक खुपसून तिरकी उभी होती. पुढचं मडगार्ड चेपलं होतं, एक दिवा फुटला होता. हौद्यातली रोपं सगळी एका बाजूला कलली होती. मागच्या चाकांना धोंडे लावलेले होते. आणि एका दगडावर बायको बसली होती, मांडीवर एक रोप घेऊन, त्याची सांडलेली माती परत भरत.

नाकशेठ स्कूटर थांबायच्या आधीच उतरले, पडले, उठले. बायकोच्या दोन्ही दंडांना धरून त्यांनी तिला वरखाली बघितलं. मग ठिणगीकडे वळले. ती गाडीच्या पुढे उभी होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं, ओठ पांढरे पडले होते, पण ती उभी होती.

“पेडल खाली गेलं,” ती म्हणाली. “पहिल्या गिअरला टाकली, हँडब्रेक ओढला आणि मातीत घातली.”

“छान केलंस.” त्यांनी तिचं टेंगूळ चाचपलं. “छान केलंस, बाळ.”

“छान मी नाही केलं. वास तर चढापासून येत होता. उतार लागल्यावर मी आईला म्हटलं, नवं लायनिंग आहे, बाबा म्हणालेत. तर आई म्हणाली, त्यांना वास येत नाही, तू आत्ताच्या आत्ता गाडी थांबव.” ठिणगीने बापाच्या डोळ्यांत बघितलं. “खरंय?”

नाकशेठांनी बायकोकडे बघितलं. तिने रोपाची माती दाबत मान वर न करता म्हटलं, “दूध करपलं होतं, सगळं घर वासाने भरलं होतं, आणि तुम्ही त्याचा चहा पिऊन मस्त झालाय म्हणालात. मग मी नासक्या दुधाचा करून बघितला. तोही मस्त झाला. सांगाल कधीतरी, म्हणून थांबले होते.”

“खरंय,” नाकशेठ ठिणगीला म्हणाले. “ताप आला तेव्हापासून काहीच येत नाही. रबरं मी थिनरमध्ये धुतली.”

“आणि वेल्डिंगच्या वेळी?”

“ती परीक्षा नव्हती.”

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण ते रडू नव्हतं, संताप होता. “मला वाटलं, माझं नाक खोटं. चढावर वास डोक्यात जात होता, आणि मी स्वतःला सांगत होते, बाबांना कळत नाही होय? आई शेजारी नसती तर—” तिने खालच्या दरीकडे तोंड फिरवलं.

ज्या लोकांच्या भीतीने नाकशेठांनी मूठ झाकली होती, ते लोक त्यांना आता आठवेनात. समोर फक्त पोरीची पाठ होती. ते तिथेच रस्त्यात खाली बसले आणि रडले. कुणी त्यांना उठवलं नाही. रंगारी चेपलेल्या मडगार्डशी जाऊन त्यावरून हात फिरवत राहिला.

बऱ्याच वेळाने ठिणगी वळली. तिने हौद्यातून पान्यांची पेटी ओढली आणि बापासमोर खाडकन ठेवली.

“इथे उभी ठेवता येणार नाही ही. काय करायचं, सांगा.”

नाकशेठ डोळे पुसून उठले. पुढच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर बसले, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी नाक चाकाकडे नेलं. मग थांबले. बाजूला सरकून त्यांनी जागा केली.

“इकडे ये,” ते म्हणाले. “कसला वास येतो, ते मला सांग.”

ठिणगी वाकली, डावं चाक हुंगलं, गाडीला वळसा घालून उजवं हुंगलं, पुन्हा डाव्याकडे आली.

“डाव्याला नुसतं लायनिंग. उजव्याला तेलही जळलंय.”

“नक्की?” रंगारी म्हणाला.

“ती सांगतेय ना,” नाकशेठ म्हणाले, आणि पाना घेऊन उजव्या चाकाकडे गेले.